वाढत्या अंगाचा परकर

रविवारी संध्याकाळी ठाण्यात तलावपाळीला एका बारा फुटी मुलीला परकर घालायचा होता... आणि तो शिवला होता माझ्या आईने. आदल्या रात्रीपासून आईपेक्षा मीच जास्त टेन्शनमध्ये होते.

ही मुलगी म्हणजे एक भली मोठी बाहुली. युद्धात घरदार सुटलेल्या, आईवडिलांपासून ताटातूट झालेल्या मुलांच्या वतीने ती देशोदेशी फिरते. नाव नूर, वय वर्षं नऊ. आत एक माणूस उंच काठ्यांवर उभा राहून तिला चालवतो, दोघं बाहेरून तिचे हात हलवतात. जाईल त्या गावचे लोक तिचं आपापल्या पद्धतीने स्वागत करतात.

ठाण्यातल्या स्वागताची जबाबदारी गौरीकडे होती. गौरी डोंबिवलीला आमच्याच सोसायटीत राहते, नाटकं करते, आणि तिला ऐनवेळी भन्नाट काहीतरी सुचतं. यावेळी सुचलं ते असं... पाहुणी पोर पहिल्यांदा आपल्याकडे येतेय, तर तिला अंगावर कपडा करायला हवा. सोसायटीतल्या बायकांनी जुन्या साड्या द्यायच्या, आणि परकर शिवायचा आमच्या मातोश्रींनी!

आईने वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात सव्वीस वर्षं शर्टाच्या कॉलरी शिवल्या. घरी आली की आमच्या तेव्हाच्या चाळीतल्या पोराटोरांचे कपडे. पण मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर एक ब्लाउज बिघडला आणि बाईंनी मशीनच बंद केली. "आता माझ्याच्याने नाही होत गं," एवढंच म्हणाली. सात महिने त्या मशीनवर इस्त्रीच्या कपड्यांचा ढीग पडलेला असायचा. मला ते बघवायचं नाही.

गौरीलाही तिने आधी नाहीच सांगितलं. मग गौरीने व्हॉट्सॲपवर बाहुलीची मापं पाठवली आणि आई भडकली. "लहान पोरीचं माप फुटात देतात का कोणी?" त्याच तिरीमिरीत टेप घेऊन बसली... मी गुपचूप चहा टाकला.

आठ साड्या, पंधरा दिवस. हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नाही, टीव्हीसुद्धा साड्यांखाली. हा परकर जमला तर आई पुन्हा मशीनवर बसणार, आणि फसला तर ती मशीन भंगारात जाणार, हे मला स्वच्छ दिसत होतं. म्हणून टेन्शन.

तर रविवार. तलावाजवळच्या एका हॉलमध्ये नूरची तयारी चालली होती. बाहेर लेझीमवाली मुलं, आयाबाया, आइस्क्रीमवाले... तुडुंब गर्दी. कमरेला नाडी बांधली, घेर काय सुंदर पडला म्हणून सांगू! आणि खाली बघितलं तर परकर जमिनीवर लोळतोय. चांगला हातभर.

काठ्यांवर चालणाऱ्या माणसाचा पाय त्यात अडकला तर संपलंच. त्यांच्या टीमचा प्रमुख, एक दाढीवाला गोरा माणूस, फार नम्रपणे नाही म्हणाला. परत परत सॉरी म्हणाला आणि नाडी सोडायला लागला.

आणि मी माती खाल्ली. सगळ्यांसमोर बोलून गेले, "अगं आई, आकडा नीट दिसला नव्हता तर मला विचारायचं ना..."

आईने माझ्याकडे असं बघितलं की जीभ चावावीशी वाटली. "आकडा नीट दिसला मला. चार वेळा मोजलंय. खाली मुद्दाम सोडलंय." मग त्या गोऱ्या माणसाला, मराठीतच, "नऊ वर्षांची आहे ना ती? वाढत्या अंगाची पोर. बेतशीर शिवलं तर वर्षभरात आखूड नाही का होणार?"

आधी मी हसले, मग गौरी. लाकूड आणि वेताची बाहुली ती, कुठून वाढणार? चाळीस वर्षांची सवय, हाताने आपोआप केलेलं काम ते... गौरीने हसत हसतच इंग्लिशमध्ये सांगितलं. तो माणूस मात्र हसला नाही. पुन्हा सांग म्हणाला. आणि ऐकून सोडलेली नाडी त्याने परत बांधली.

कापून टाकू का, असं गौरीने विचारलं तर आई तिच्यावर खेकसली. कापायचं नाही, आत दुमडून धावदोरा घालायचा. एवढं कापड म्हणजे काय कचरा आहे का... तिघी खाली बसलो, मी आणि गौरी दुमड धरायला आणि आई टाके घालायला. सुईत दोरा ओवायचं काम माझं. शिवणातलं तेवढंच मला येतं.

कार्यक्रम अर्धा तास उशिरा सुरू झाला. पण नूर तो परकर घालून तलावाच्या काठाने चालली, आणि लेझीमची पोरं तिच्या पुढे नाचत होती. आई गर्दीत तिच्या चेहऱ्याकडे बघतच नव्हती, सगळा वेळ नजर खाली, टाके टिकतायत का ते बघत.

निघताना आईने त्या माणसाला बोलावून समजावलं. उंची वाढली की एकदम सगळं सोडायचं नाही, चार-चार बोटं उसवायचं आणि पुन्हा टाके घालायचे. गौरी सांगत गेली आणि त्याने ते सगळं वहीत लिहून घेतलं, अगदी गंभीरपणे. आईने त्याला जय भीम केला, त्यानेही हात जोडले.

सोमवारी ऑफिसातून आले तर मशीनचा आवाज लिफ्टपर्यंत येत होता. काय शिवतेयस म्हणून विचारलंसुद्धा नाही. बाहेर दोन मिनिटं नुसती उभी राहिले... इतकं बरं वाटलं.

शाळेत असताना दर जूनमध्ये माझा युनिफॉर्म ढगळ असायचा. बाह्या कोपराच्या खाली, स्कर्ट पोटऱ्यांपर्यंत, आणि मुली हसायच्या. आईचा भयंकर राग यायचा मला. आपण वाढणार हे कुणीतरी आधीच धरून चाललंय, हे तेव्हा कळायचं वय नव्हतं. आता वाटतं, जगातल्या प्रत्येक पोराला एकदा तरी असा ढगळ कपडा मिळायला हवा.