धुळ्याच्या ओट्यावरचा ग्लास

या ग्रुपवरचे किस्से मी वाचते ते चूक शोधायला. माझ्या घरात लिंबू-मिरची फक्त फ्रिजमध्ये असते. कामांची यादी करायची, झालं की टिक मारायची... एक्कावन्न वर्षं यावर निभावलं. म्हणून हेही क्रमानेच सांगते. कुणाला यात चूक सापडली तर जरूर कळवा — मला ती हवी आहे.

जळगावात माझा फोटोग्राफीचा व्यवसाय आहे. हल्ली आम्ही 'लाइट फील्ड' करतो. म्हणजे कॅमेरा बोटभर सरकवत एकाच जागेचे सतरा ओळींत सतरा, असे २८९ फोटो. हेडसेट लावून डोकं हलवलं की दृश्य त्याप्रमाणे बदलतं. वाकलं तर वाकल्यासारखं दिसतं. पण इतके फोटो हेडसेटला पेलत नाहीत. म्हणून नऊ फोटो पूर्ण ठेवायचे आणि बाकीच्यांचा शेजारच्या फोटोपेक्षा जेवढा फरक, तेवढाच साठवायचा. फोटो जवळजवळ सारखेच असतात, त्यामुळे फाइल अगदी लहान होते. हे काम अमळनेरचा अस्लम करतो.

डिसेंबरात धुळ्याला माझी मोठी बहीण वारली. तिची मुलगी केतकी कॅनडात असते. तिचा फोन आला, "मावशी, सोमवारी घराचा ताबा द्यायचाय. त्याआधी मला आईचं स्वयंपाकघर तसंच्या तसं करून दे. एक चमचा हलवू नकोस."

त्या घरात मी सात वर्षं गेले नव्हते. आमच्या आबांना वृद्धाश्रमात ठेवायचं मी ठरवलं होतं — यादी करून, फायदे-तोटे लिहून. ताई म्हणाली, "तू बापालाही टिक मारलीस." तिने पुढे ठेवलेल्या पाण्याला हात न लावता मी उठले, ती परत गेलेच नाही. अंत्यविधीलाही अंगणातच उभी होते.

शनिवारी दुपारी शेजारच्या नानांनी किल्ली दिली. "नळ बंद शे, ताई. पानी लागनं ते माले सांगा," म्हणाले. ओट्यावर ताईचा काचेचा ग्लास होता, रिकामा. जागेवरच मी तो फडक्याने आतून पुसला. खिडक्या बंद केल्या. कॅमेरा मोटरवर आपोआप सरकतो, वरच्या ओळीपासून खाली. दार लोटून अस्लम आणि मी दीड तास बाहेरच्या खोलीत बसलो. नंतर भांडी खोक्यात भरताना ग्लासात पाणी होतं. अस्लमने ठेवलं असेल, असं वाटलं. बेसिनमध्ये ओतलं, ग्लास पुसला, पेपरात गुंडाळला.

रविवारी संध्याकाळी अस्लम म्हणाला, "मॅडम, फाइल कमीच होत नाहीये. बाकी सगळं चोख, पण ओट्यावरचा हा एवढासा तुकडा अर्धी जागा खातोय. शेजारच्या फोटोशी जुळतच नाही."

"काचेची चमक असेल. तिथला फरक टाकून दे."

"एकदा बघून घेऊ का?"

"तुझं बघून होईपर्यंत केतकी म्हातारी होईल, बाबा."

तो हसला. फरक टाकला, फाइल बसली, मी पाठवली. टिक. मग मूळ फोटो डिलीट, कार्ड फॉरमॅट. काम गेलं की डिस्क मोकळी, हा माझा नियम आहे.

सोमवारी सकाळी केतकीचा फोन. "मावशी, हुबेहूब गं! फक्त तो ग्लास... ताठ उभं राहिलं की रिकामा दिसतो. वाकलं की भरतो. तुमच्या सॉफ्टवेअरचं काही आहे का?"

पूर्ण ठेवलेले नऊ फोटो आम्ही उघडले. वरच्या तिन्हींत ग्लास रिकामा. मधल्या तिन्हींत अर्धा. खालच्या तिन्हींत काठोकाठ. फाइल का बसत नव्हती ते तेव्हा कळलं — पाणी फोटोगणिक केसभर चढत होतं.

"पाणी तू ठेवलं होतंस ना?"

"मी? नळाला थेंब नव्हता, मॅडम. मी गाडीतल्या बाटलीतलंच प्यायलो."

छत कोरडं होतं, मीच पाहिलं होतं. पाण्याचा फिल्टर आधीच काढून नेलेला. घराला दुसरं दार नाही. राहिले ते २८० फोटो, ज्यांत पाणी कसं येतंय ते दिसलं असतं... डिलीट झालेलं परत आणणारं सॉफ्टवेअर दोन दिवस चालवलं. काही मिळालं नाही.

केतकीने पुन्हा विचारलं, "दुरुस्त होईल ना गं?"

"होईल. कॉम्प्रेशनची चूक आहे," मी म्हटलं.

वरच्या फोटोतला रिकामा ग्लास बाकीच्या सहांवर चिकटवायचा, एवढंच काम. अस्लम जागचा हलेना. "राहू द्या ना, मॅडम. कुणाचं काय बिघडतंय?" शेवटी माझं मीच केलं. फाइल आणखी लहान झाली. रात्री केतकीचा मेसेज आला, 'आता अगदी आईचं स्वयंपाकघर वाटतंय.' मी अंगठा पाठवला.

ते पाणी कुठून आलं, मला आजही माहीत नाही. ते सापडायची एकच जागा होती, आणि रविवारी संध्याकाळी ती मी स्वतःच्या हाताने साफ केली.