कूलंटची खाज

"कूलंटची खाज हाय. ट्यूब द्या फक्त," बबनराव दाराकडे बघत म्हणाले.

मी चाकणच्या एका कंपनीतल्या दवाखान्यात डॉक्टर आहे. मशीनवर लोखंड कापताना ते तापू नये म्हणून दुधासारखं पाणी सोडतात, ते कूलंट. त्याने अंगावर पुरळ येतं. आमच्याकडे कमरेखालच्या प्रत्येक तक्रारीला पुरुष कूलंटच म्हणतात. मेल नर्स संतोष न बघता ट्यूब देतो. मॅडमपर्यंत, म्हणजे माझ्यापर्यंत, विषय येत नाही. त्या दिवशी संतोष रजेवर होता.

"कधीपासून लावताय?"

"दिवाळीपासनं."

गणपती होऊन गेले होते. दाखवा म्हटल्यावर ते ताडकन उठले.

"माझी पोरगी तुमच्याएवढी हाय, मॅडम."

मलाही अवघड वाटत होतं. हे सगळं मी इंग्रजीत शिकले. मराठी शब्द तोंडातून निघत नाहीत. "तुम्ही भिंतीकडे बघा, काका," एवढंच म्हणाले आणि हातमोजे घातले.

लिंगाच्या टोकावरची कातडी मागे सरकत नव्हती. आत कडक गाठ, वास मारणारा पू. जांघेतही एक गाठ हाताला लागली.

"कातडी आधीपासून अशीच?"

"व्हय. लहानपणापासनं. कुणाला सांगनार?"

खिशातून तंबाखूची पुडी डोकावत होती.

"हे कूलंट नाही. तुकडा काढून तपासायला हवा. कॅन्सर असू शकतो."

"आन् निघाला तर?"

"कापावं लागेल. जितका उशीर, तितकं जास्त."

मी दिलेली हॉस्पिटलची चिठ्ठी घेऊन ते लाइनवर गेले. दुपारी एचआर मॅनेजरचा फोन आला.

"मॅडम, ऑडिट आहे. बबनला पुढच्या आठवड्यात पाठवू?"

"आजच, सर."

"झालंय काय एवढं?"

"ते मला सांगता येणार नाही."

"मग मी वर काय सांगू?"

"डॉक्टरांनी पाठवलंय, एवढंच."

कॅन्सरच निघाला. रिपोर्ट घेऊन नवरा-बायको दोघं आली. मी कारणं सांगितली. न सरकणारी कातडी, त्याखाली साचणारी घाण, तंबाखू. शिवाय एचपीव्ही नावाचा विषाणू, शरीरसंबंधातून पसरणारा.

मालनताईंनी नवऱ्याकडे बघितलं. "म्हंजे ह्यांनी भाईर शेण खाल्लं?"

"तसं सांगता येत नाही. तो बऱ्याच जणांना होतो, वर्षानुवर्षं गप्प राहतो. कुणाकडून कुणाला आला, कळत नाही. पण त्यानेच बायकांना गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर होतो. तुमचीही तपासणी करू."

बबनरावांनी रिपोर्टची घडी घालून खिशात ठेवली.

अर्ध्याहून जास्त लिंग कापावं लागलं. जांघेतल्या गाठी काढल्या, त्यांतही कॅन्सर होता. मालनताईंची तपासणी स्वच्छ आली. केमो झाल्यावर बबनरावांना स्टोअरमध्ये हलकं काम मिळालं. पुढचं काय, ते सर्जनही नक्की सांगत नाहीत.

मध्ये ते आले होते. "लघवीला बसाय लागतं, मॅडम. संडासात जातो, तर लाइनवरची पोरं इचारत्यात."

"काय सांगता?"

"हर्नियाचं आपरेशन झालं म्हणतो."

ही थाप लाइनवर चांगलीच पसरलीय. बबनराव इतके वाळले म्हटल्यावर पोरांनी हर्नियाची धास्ती घेतली. आता ती स्वतःहून दवाखान्यात येतात. "मॅडम, हर्निया बघा ना." मी पडदा ओढते आणि संतोषला आत बोलावते. जांघेत हर्निया बघताना आम्ही बाकीचंही बघून घेतो.