टेबलक्लॉथवरचा निळा

रिटचवाल्या ताईंचं उभं आयुष्य फोटो स्टुडिओच्या मागच्या खोलीत गेलं. बारीक ब्रशनं ताई फोटोंतल्या लोकांचे तीळ, सुरकुत्या, डोळ्यांखालची काळी वर्तुळं नाहीशी करायच्या. काम असं, की चांगलं झालं तर कुणाला दिसायचंच नाही. कौतुक व्हायचं ते फोटोग्राफरचं, नाहीतर गिऱ्हाइकाच्या रूपाचं! नणंदबाई तर तोंडावर विचारायच्या, "वहिनी, तू तिथं दिवसभर करतेस तरी काय गं?"

स्टुडिओ बंद पडला, तेव्हा ताईंच्या मनानं एकच घेतलं. एकदा तरी आपल्या हातचं काम भिंतीवर लागावं आणि लोकांनी ते बघावं. म्हणून त्यांनी तैलरंगांच्या वर्गात नाव घातलं. वर्गाच्या बाई कडक. वर्षाच्या शेवटी प्रदर्शन असायचं, पण बाईंच्या पसंतीला उतरेल तेच भिंतीवर. बाकीच्यांनी आपापली चित्रं मुकाट्यानं घरी न्यायची.

ताईंच्या वाट्याला एका इम्प्रेशनिस्ट, म्हणजे सुट्या फटकाऱ्यांनी रंगवलेल्या चित्राची छापील प्रत आली. खिडकीशी टेबल, त्यावर पांढरा टेबलक्लॉथ, शेजारी शिवत बसलेली बाई, जमिनीवर ऊन. ते बघून तसंच उतरवायचं. ताईंना वाटलं, हा तर आपल्या हातचा मळ.

त्यांनी अगदी जीव ओतला, आणि तिथंच घोळ झाला. पांढऱ्या कापडावर निळे-जांभळे फटकारे होते. छपाईत पडलेले डाग समजून ताईंनी ते गाळले. शिवणाऱ्या बाईच्या गालावर हिरवट छटा होती, तीही बिचारीच्या भल्यासाठी काढली. उरलेला रंग कोरड्या ब्रशनं घोटून घोटून गुळगुळीत केला.

वर्गाच्या बाईंनी कपाळावर हात मारला. "अहो ताई, तुम्ही तर चित्राचंच रिटचिंग केलंत! सावलीच ठेवली नाहीत, मग ऊन दिसणार कुठून?"

अख्खा वर्ग खो खो हसला. ताईही हसल्या, पण तोंडदेखलं. संध्याकाळी घरी आणलेलं चित्र बघून यजमान म्हणाले, "झकास! अगदी फोटो वाटतोय." झालं! ताईंच्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी जेवणाच्या टेबलावर पांढरी चादर अंथरली, खिडकी उघडली आणि समोर ठाण मांडलं. यजमान चहाचं विचारायला आले, तर "आज तुमचा तुम्ही करा, आणि माझाही." तो चहा आला आणि कपाची सावली चादरीवर पडली. निळी. चक्क निळी!

"अगं बाई, हे असं असतं होय!" ताई एकट्याच मोठ्यानं म्हणाल्या. त्यांना स्वतःचा राग आला आणि त्याहून कितीतरी जास्त आनंद झाला.

चित्र वर्गात परत नेऊन त्यांनी सगळा ओला रंग सुरीनं खरवडून काढला. बाई धावत आल्या. "अहो, प्रदर्शन तोंडावर आलंय, वाळायला तरी वेळ ठेवा!"

"नाही वाळलं तर ओलंच लावू," ताई म्हणाल्या आणि त्यांनी रुंद ब्रश उचलला.

खरी लढाई कॅनव्हासशी नव्हतीच, स्वतःच्या हाताशी होती. निळ्याचा फटकारा पडला रे पडला, की हात तो घोटायला निघायचा. ताई डाव्या हातानं उजवं मनगट धरून त्याला मागे ओढायच्या. "गप! केलंस ना? आता राहू दे." कितीदा तरी तो ऐकायचा नाही आणि खरवडायची पाळी यायची. ऐकायला लागला, तसं टेबलावर ऊन चढू लागलं.

चित्र बाईंच्या पसंतीला उतरलं आणि प्रदर्शनात ओलंच लागलं, थेट दारासमोर. खाली पाटी: हात लावू नये. नणंदबाईंनी चित्राला नाक लागेल इतकं जवळ जाऊन पाहिलं. "वहिनी, हे नुसते फराटे आहेत गं!" मग त्या मागे मागे सरकल्या, थेट दारापर्यंत.

"काय ऊन आलंय गं," शेवटी त्या हळूच म्हणाल्या. "हे सगळं तू केलंस?"

"सगळं."

तेवढ्यात बाईंचं लक्ष गेलं. "ताई, सही राहिली की! थांबा, बारीक ब्रश देते. कोपऱ्यात करा."

ताईंनी शेजारच्या वर्गातून आपला रुंद ब्रश आणला आणि सगळ्यांदेखत सही ठोकली. त्या सहीनं चित्रातल्या जमिनीवरच्या उन्हाचा चांगला तुकडा खाल्ला.

"जरा मोठी झाली हो," बाई म्हणाल्या.

"होऊ दे," ताई म्हणाल्या. "रस्त्यावरून वाचता आली पाहिजे."