धुतलेला डबा

आगाशीच्या बाजारात सुकेळ्यांचा, म्हणजे उन्हात वाळवलेल्या केळ्यांचा गोड वास आला की कॅनडातली पहिली थंडी आठवते. शेजारच्या म्हातारीने प्लास्टिकच्या डब्यातून मफिन दिले होते. डबा रिकामा परत करायचा नाही, ही आईची शिस्त. म्हणून मी तो धुऊन, घरून आणलेली सुकेळी भरून नेला. ती गोंधळली. "अगं, हा फेकायचा असतो!" मी ओशाळून घरी आले. पुढच्या आठवड्यात बेल वाजली. सुकेळी बांधलेलं केळीचं वाळकं पान पुसून, त्यात बिस्किटं गुंडाळून ती दारात उभी. "हे तुझं राहिलं होतं." त्या दिवशी त्या देशात मला शेजार मिळाला. आता विरारला परतलेय. काल समोरच्या फ्लॅटमध्ये सुकेळी दिली. डबा आज वॉचमनच्या हाती परत आला. घासलेला, चकचकीत, रिकामा.