अप्पांचा सहावा गठ्ठा

जगातली कुठलीही गोष्ट सहांपैकी एका गठ्ठ्यात बसतेच, अशी अप्पांची श्रद्धा होती. सोलापूरच्या आमच्या कचेरीत ते हेडक्लार्क होते. खात्याचं नाव सांगत नाही. पाणी, जमीन आणि सरकार या तिन्हींशी त्याचा संबंध होता आणि तिन्हींपैकी कुणालाच त्याचा उपयोग नव्हता. कागद सहा गठ्ठ्यांत लावायची पद्धत तशी सगळ्याच सरकारी कचेऱ्यांत होती. पण बाकीचे लोक संध्याकाळी ती कचेरीत ठेवून घरी जात आणि अप्पा ती घरी घेऊन जात.

पहिल्या गठ्ठ्यात आजचं काम. दुसऱ्यात, कुणाच्या तरी उत्तराची वाट पाहायची ते. तिसऱ्यात ठरल्या मुदतीला परत परत येणारं, चौथ्यात कायमचे हुकूम, पाचव्यात निकाली निघालेलं आणि सहाव्यात नष्ट करायचं. मी टायपिस्ट म्हणून रुजू झाले तेव्हा अप्पांनी मला हे घरच्या उदाहरणांनी समजावलं. थोरल्या लेकीचं लग्न दुसऱ्या गठ्ठ्यात होतं, कारण अक्कलकोटच्या स्थळाचा निरोप यायचा होता. दर दिवाळीला मुक्कामाला येणारा मेहुणा तिसऱ्यात होता. अव्वा, म्हणजे त्यांच्या पत्नी, जे काही बोलतील ते चौथ्यात. "आन् सासरे पाचव्यात," अप्पा म्हणाले आणि टोपी काढून वर बघून त्यांनी नमस्कार केला.

गठ्ठे बांधायचे रुमाल ते स्वतः नवी पेठेतून आणत. दुकानदाराला कापडाचा कोपरा ओला करून रंग जातो का ते दाखवायला लावत. पाच रुमाल वर्षभरात विटून जात. सहावा मात्र दुकानातून आला तसाच, घडी न मोडलेला. "कागद फाडायला छाती लागती, टायपिष्टबाई," ते म्हणत. "ती माज्याकडं न्हाय."

परिणाम असा झाला की दप्तरखाना भरला, मग जिना भरला, मग बायकांची बाथरूम भरली. कचेरीत बाई मी एकटीच असल्यामुळे माझी हरकत अल्पमतात गेली. आज माझी नात फोन भरला म्हणून रडकुंडीला येते, त्यातल्या हजार फोटोंपैकी एकही तिला पुसवत नाही, तेव्हा मला ती बाथरूम आठवते.

अशा माणसाचं स्वतःचं प्रकरण दुसऱ्या गठ्ठ्यात अडकलेलं होतं. सगळा जन्म नोकरीत गेला, तरी अप्पा अजून 'अस्थायी' होते. कायम झाल्याचा हुकूम नाही तर पेन्शन नाही, आणि निवृत्ती तोंडावर आलेली. पुण्याच्या मोठ्या कचेरीचं म्हणणं, ते पहिल्यांदा जिथं लागले त्या माळशिरसच्या कचेरीनं तसा दाखला द्यावा. माळशिरसची ती कचेरी कधीच बंद झाली होती. पण ती बंद झाल्याचं पत्र तिच्याकडून आमच्याकडे आलं नव्हतं. तेव्हा अप्पा दर मुदतीला तिला स्मरणपत्र पाठवत आणि उत्तराची वाट बघत.

"अप्पा, एकदा पुण्याला जाऊन साहेबांना भेटून या," मी म्हणे.

"कागद चालू असताना माणसानं मदी जाऊ न्हाई," ते म्हणत आणि रुमालाची गाठ आवळत.

अशात मुंबईहून एक तरुण साहेब मशीनची खबर घेऊन आले. पुण्याला आता एक मशीन बसलं होतं आणि प्रत्येक नोकरदाराची माहिती भोकं पाडलेल्या कार्डावर जाणार होती. कपाटभर कागद एका डब्यात मावेल, साहेब म्हणाले. उन्हाळ्याचे दिवस. मशीनला गारव्याची खोली लागते हे ऐकून आमचा शिपाई चांद म्हणाला, "साब, हमकू बी मशीन लिखो." अप्पांनी नमुन्याचं कार्ड हातात घेतलं, खिडकीच्या उजेडात धरलं, उलटं करून पाहिलं.

"ह्याच्यावर सही कुटं हाय?" त्यांनी विचारलं.

साहेब म्हणाले, मशीनला सही लागत नाही. त्यानंतर अप्पांनी ते कार्ड फार आदरानं साहेबांना परत केलं.

माहितीचे तक्ते आम्ही भरून दिले. अप्पांनी स्वतःच्या नावापुढं, वळणदार अक्षरात, 'अस्थायी' असं लिहिलं. काही महिन्यांनी मशीननं छापलेलं लांबलचक पगारपत्रक आलं. पुण्याला कार्डावर भोकं पाडणाऱ्याचा हात एक घर सरकला असावा. त्या पत्रकात मी पुरुष होते आणि अप्पा कायम होते.

चांदनं पळत जाऊन पेढे आणले. अप्पांनी पेढा टेबलावर ठेवला आणि मला कागद चढवायला सांगितलं. चूक दुरुस्त करण्याबाबतचं पत्र. मी टाइपरायटरची फीत संपली म्हणाले, तर त्यांनी खणातून नवी काढून दिली. दुपारी चांदनं अव्वांना बोलावून आणलं. अव्वा डब्याची पिशवी हातात घेऊन दारातच उभ्या राहिल्या.

"मशीनला दिसलं ते तुमाला का दिसंना?" त्यांनी विचारलं. "जलमभर राबलाव न्हवं? मग कायमच की तुमी."

"व्हय. पण हुकूम न्हाय," अप्पा म्हणाले.

"म्हातारपणी काय हुकूम खायाचा व्हय?"

अव्वांचं बोलणं चौथ्या गठ्ठ्यातलं, कायमच्या हुकुमाचं. अप्पांची चुळबुळ झाली. त्यांनी पेढ्याकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. मला त्यांचा मनापासून राग आला होता. तरी शेवटी पत्र टाईप झालं, सही झाली आणि पुण्याला गेलं. त्यात माझ्या पुरुष असण्याचीही दुरुस्ती त्यांनी आठवणीनं घातली होती.

पुण्याचं उत्तर सरकारी मानानं फारच लवकर आलं. मशीन चुकत नाही, तेव्हा पत्रकातली माहिती अंतिम समजावी आणि आपलं दप्तर तिच्याप्रमाणे दुरुस्त करून घ्यावं. खाली सही होती, शिक्का होता. अप्पांना पेन्शन मिळालं. मला पुढे बाळंतपणाची रजा मागताना जो पत्रव्यवहार करावा लागला, तो वेगळा सांगण्यासारखा आहे.

निरोपाच्या दिवशी चांदनं त्यांच्या गळ्यात हार घातला. मी म्हणाले, "अप्पा, निघालं एकदाचं निकाली." अप्पांनी मान हलवली. आपण विचारलं हुकुमाचं आणि त्यांनी सांगितलं मशीनचं, त्यामुळं प्रकरण अजून दुसऱ्या गठ्ठ्यातच आहे, असं त्यांचं मत होतं. जाताना त्यांनी स्वतःच्या प्रकरणाची नक्कल आणि तो कोरा सहावा रुमाल घरी नेला. घरून ते स्मरणपत्रं लिहीत राहिले. 'माझ्या नेमणुकीच्या हुकुमाचा उलगडा व्हावा.' दर मुदतीला, स्वतःच्या हातानं. पुण्याला कुणा शहाण्यानं एक पत्र जरी नीट वाचलं असतं, तरी पेन्शन बंद झालं असतं. वर्षं गेली, बंद झालं नाही. सरकार कागद वाचत नाही, यावर आमचा विश्वास त्या काळात फार वाढला.

अप्पा गेले तेव्हा मी भेटायला गेले. अव्वांनी चहा केला. त्यांना आता निम्मं पेन्शन मिळणार होतं. परसातल्या पाण्याच्या बंबाशेजारी तो सहावा रुमाल वाळत होता, चांगला मळलेला, धुऊनही डाग न गेलेला. मला राहवलं नाही.

"अव्वा, अप्पांच्या त्या पत्रांना कधी उत्तर आलं का हो?"

"यायला मी कुटं टाकली पोस्टात? ह्या रुमालातनं परसात आणायची आन् रुमाल सोडून बंबात घालायची. त्येनीच दिलता रुमाल, पत्रं ठेवायला."

मी कप खाली ठेवला. "अप्पांना कळलं असतं तर?"

अव्वांनी रुमाल उलटा करून वाळत घातला.

"त्यास्नी ठावं न्हवतं व्हय, पोरी? पोस्ट दहाला उघडायचं. हे मला पत्र द्यायचे पहाटे, आंघुळीच्या पाण्याच्या टायमाला. 'जा, टाकून ये,' म्हणायचे. आन् पाणी तापंस्तोवर भिंतीकडं तोंड करून बसायचे."