माळ घालून मिळवलेला फ्लॅट

भाड्याने फ्लॅट मिळावा म्हणून मी एकदा गळ्यात तुळशीची माळ घातली होती. मी – झाईच्या किनाऱ्यावर तीस वर्षं बोंबील वाळवणारी बाई! हसा, हसा... माझी नातसुद्धा हसते.

भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता. कुणाच्या अंगात आलं की मी हळूच चिमटा काढून बघायची. तेव्हा घडलं तेवढंच सांगते.

माझी लेक स्मिता पहिलटकरीण. सातव्या महिन्यात डॉक्टर म्हणाले, उठायचं नाही, प्रवास नाही, डहाणूत दवाखान्याजवळच राहा. जावई बोटीवर. मग मीच निघाले घर शोधायला. स्टेशनजवळ परवडणाऱ्या जागा दोन-चारच, आणि सगळीकडे पहिला प्रश्न एकच – "मच्छी खाता?" मी अभिमानाने हो म्हणायची आणि दार बंद व्हायचं.

चौथ्या दारानंतर मला अक्कल सुचली. म्हणजे तेव्हा तसं वाटलं. बाजारातून माळ घेतली, हात लिंबाने घासघासून धुतले आणि एका गुजराती बेनच्या दारात उभी राहिले. "आम्ही माळकरी. मासळीचं नावसुद्धा काढत नाही." बेन खूश. दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट लगेच मिळाला. बावन्न वर्षांची घोडी, पण स्वतःच्या हुशारीवर इतकी फिदा, की आरशात माळ बघून मान डोलवली!

आणि तिसऱ्याच दिवशी स्मिताला डोहाळे लागले. कशाचे? निखाऱ्यावर भाजलेल्या सुक्या बोंबलाचे!

"आय, एकच आण गो. खिडक्या लावून घेऊ."

"गप. वास लागला तर रस्त्यावर यायची पाळी येईल."

पोरगी जेवेनाशी झाली. वरणभात पुढे ढकलायची आणि भिंतीकडे तोंड करून पडायची. माझी आई असती तर मला लाटण्याने बडवलं असतं. गरोदर बाईच्या जिभेला कुलूप घालू नये, असं ती सगळ्या आळीला ऐकवायची. पण तिला जाऊन अकरा वर्षं झाली होती. लहानपणी मी एका जागी बसायची नाही म्हणून ती मला भिंगरी म्हणायची. तिच्याबरोबर ते नावही गेलं. स्मितालासुद्धा ते माहीत नव्हतं.

एका दुपारी मी दूध आणायला गेले. स्मिताला दार उघडायला उठावं लागू नये म्हणून बाहेरून कुलूप लावलं. परत आले तर जिन्यात बेन नाकाला पदर लावून उभी.

"मावशी, आ शेनी वास आवे छे?"

वास कशाचा ते मला खालच्या पायरीवरच कळलं होतं. बेनने माझ्या हातातून किल्ली घेतली आणि कुलूप उघडलं. आत गेलो. गॅस बंद. तवा कोरडा. डबे, पिशव्या, कचऱ्याची बादली... बेनने सगळं बघितलं. मासळीचा काटासुद्धा नाही. स्मिता गाढ झोपलेली. चादरीवर पडलेल्या उजव्या हाताची बोटं मात्र राखेने काळी, आणि वास त्यांनाच. घरात कोळशाचा तुकडाही नव्हता.

ती जागी झाली, आम्हा दोघींकडे बघून आळसावून म्हणाली, "पोट भरलं गो आय." कुणी भरवलं, ते तिला आठवेना. आजही आठवत नाही.

मी माळ काढून ओट्यावर ठेवली. "बेन, मी खोटं बोलले. आम्ही मासेमारी करणारे. पण आज या घरात मासळी मी आणलेली नाही, पोरीच्या पोटातल्या बाळाची शपथ." बेन खाली गेली. मी रात्री बोचकं बांधलं. या अवघडलेल्या पोरीला घेऊन आता कुठे जाऊ, तेवढंच डोक्यात.

ते बाळ आता चौथीत आहे आणि बोंबलाशिवाय जेवत नाही. कुलूपबंद घरात काय झालं, मला अजून सांगता येत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी बेन वर आली, बोचक्याकडे बघितलं आणि म्हणाली ते मात्र शब्दन् शब्द लक्षात आहे –

"मावशी, ते सोडा, बाळ होईपर्यंत राहा. पण तुमच्या त्या म्हातारीला सांगा, टोपली नीट झाकून आणत जा. मला वाटलं चिकू आहेत, म्हणून मीच वर पाठवली तिला. काल दुपारी जिन्यात तुमच्याच बोलीत विचारत होती, 'भिंगरीचं घर कुठलं गो?'"