बैलगाडी बाहेर आहे

छप्पन्नाव्या वर्षी मी जेवढी शहाणी होते, तेवढी नंतर कधीच झाले नाही. त्या बाईला सगळं कळायचं. माणसं कशी ओळखायची, धंदा कसा वाढवायचा, लोकांची पावलं आपल्या दाराकडे कशी वळवायची. आता सत्तरी ओलांडल्यावर तिची आठवण झाली की तिच्या पाठीत एक धपाटा घालावासा वाटतो. पण पाठ शेवटी माझीच, आणि ती हल्ली तशीही दुखते.

माझा धंदा रुखवताचा होता. लग्नात मुलीकडचे एका कोपऱ्यात टेबलं लावून मुलीच्या हातच्या वस्तू मांडतात. सुपाऱ्यांचे वऱ्हाडी, साखरेचं तुळशीवृंदावन, कोरलेली खोबऱ्याची वाटी, कडधान्याचा गणपती. मुलाकडच्या बायका चष्मे लावून बघायला येतात आणि विचारतात, "कुणी केलं हो एवढं सगळं?" मुलीच्या आईने मान जराशी तिरकी करून म्हणायचं, "हिनेच. परीक्षा सांभाळून केलं."

आता नोकरी करणारी कुठली मुलगी सुपाऱ्यांना फेटे बांधत बसणार? ते मी बांधायचे. पनवेलच्या तळ्यामागच्या आमच्या दोन खोल्यांतून रुखवत भाड्याने जायचं, आणि चौथ्या दिवशी परत यायचं. मुलींच्या आया दुपारी यायच्या, गल्ली झोपलेली असताना. खोके जुन्या साडीत गुंडाळून रिक्षात ठेवायच्या. सगळ्यांना सगळं ठाऊक होतं, फक्त कुणी बोलायचं नाही. माझ्या वहीतसुद्धा कुणाचं नाव नसायचं. 'पिवळं गेट', 'मोठं कुंकू', 'दोघी जावा', 'विहिरीचं घर' असं लिहायचे. वही चुकून कुणाच्या हाती लागली, तरी कुणाचं नाक कापलं जाऊ नये.

यजमान जाऊन तीन वर्षं झाली होती, मुलगा अमेरिकेत. खरं सांगायचं तर मला धंद्यात रस होता तो चौथ्या दिवसाचा. सामान परत करायला आलेल्या बाईला मी खाली बसवायचे, चहा टाकायचे, आणि अख्खं लग्न वदवून घ्यायचे. कोण रुसलं, मठ्ठा कुठे कमी पडला, विहीणबाई कशी बोलली. ती उठायला लागली की दुसरा चहा. ती गेली की मग घरात पंखा आणि मी. पुढची बाई येईपर्यंत आठ-आठ दिवस पंखाच बोलायचा, आणि त्याला विषय फार नव्हते.

त्या दिवाळीत मुलगा आला आणि जाताना कॉम्प्युटर बसवून गेला. "आई, एक वेबसाइट कर. फुकट करता येते, चौकटीत नुसते फोटो ओढून टाकायचे. जगभरातले लोक बघतील."

आमच्या वरच्या मजल्यावर यजमानांचे मित्र राहायचे. बँकेतून निवृत्त झालेले, एकटेच. त्यांना मी भाऊजी म्हणायचे. त्यांनी हे ऐकलं आणि जिन्यातूनच म्हणाले, "वहिनी, आधी हिशोबाचं सॉफ्टवेअर घ्या. कुठली वस्तू कुणाकडे गेली, परत आली का, सगळं त्यात राहतं. मागच्या वर्षी तुमचे दोन भटजी हरवले, ते तुम्हाला अजून सापडले नाहीत."

"सुपारीचे भटजी, भाऊजी. तीन रुपयांचा माल."

"बँकेत तीन रुपये हरवले तर आम्ही जेवायला जात नव्हतो. मी शिकवतो की. मंगळवार-शुक्रवार पाच वाजता खाली येईन. अवघड काही नाही."

तुळशीच्या लग्नानंतर मुहूर्त सुरू होणार होते. तेवढ्या दिवसांत माझ्या डोक्यात एकच नवीन गोष्ट शिरली असती, दोन नाही. वेबसाइट की हिशोब, काय ते ठरवायचं होतं.

ती छप्पन्न वर्षांची विदुषी विचाराला बसली. तिने असा विचार केला: हिशोबाचं यंत्र घेतलं तर स्क्रीनसमोर मी एकटीच बसणार. वेबसाइट घेतली तर लोक येणार. म्हणजे वेबसाइटच. दर मंगळवारी आणि शुक्रवारी पाच वाजता एक जिवंत माणूस जिना उतरून येतो म्हणत होता, हे तिच्या हिशोबात कुठेच आलं नाही. आणि ती म्हणे माणसं ओळखण्यात पटाईत.

भाऊजींना सांगितलं तेव्हा ते "बरं" म्हणाले. हातात एक फाइल होती, ती काखेत धरून वर गेले.

वेबसाइट करायला मला महिना लागला. तयार नमुन्यांतला मी लग्नाचा नमुना निवडला. त्यात वरच्या बाजूला एक गोरीपान परदेशी नवरी गवतात धावत होती. ती काही केल्या जाईना. शेवटी तिच्याखालीच मी 'आमचे रुखवत' असं लिहिलं. पानाच्या तळाशी एक आकडा होता, किती जण बघून गेले ते सांगणारा. सकाळी चहा घेऊन मी बघायचे, आकडा वाढलेला. दुपारी बघायचे, आणखी वाढलेला. मला इतका आनंद झाला की एक दिवस मी उगाच दोन कप चहा टाकला. एवढी माणसं घरी येऊन जातात, आणि मी साधं पाणीही विचारत नाही, असं काहीतरी वाटायला लागलं.

फोनवर मुलाला अभिमानाने आकडा सांगितला. मग म्हणाला, "आई, तू दिवसातून किती वेळा उघडतेस ते?"

"असेल, दहा-बारा वेळा."

"ते दहा-बारा जण तूच आहेस गं."

पुढे तो हवापाण्याचं बोलला. मी पण हो हो म्हटलं. दुसऱ्या कपातला चहा ओतून टाकला, आणि तरी संध्याकाळी पुन्हा आकडा बघितला. एकाने वाढला होता.

मग त्या विदुषीने ठरवलं, की फोटो कमी पडताहेत. गिऱ्हाइकं लग्नातले फोटो कौतुकाने मला आणून द्यायची. मी खालच्या दुकानातून ते कॉम्प्युटरवर चढवून आणले आणि सगळे पानावर टाकले. माणसं कापली हो मी, नुसतं रुखवत ठेवलं. एवढी अक्कल होती. पण आमची सगळ्यात देखणी वस्तू म्हणजे सुपारीची बैलगाडी. जायफळाची चाकं, दालचिनीची दांडी, लवंगेची शिंगं. पनवेलला पूर्वी बैलगाड्या बनायच्या, म्हणून कुठल्याही आजीबाई तिच्यापुढे थांबायच्याच. एका लग्नात उजव्या बैलाचं एक शिंग मोडलं होतं, आणि तो तसाच छान दिसतो म्हणून मी ते बदललं नव्हतं. चार लग्नांचे चार फोटो ओळीने लावले. मागे चार वेगळे पडदे, चारी टेबलांवर तोच एकशिंगी बैल.

पंधरा दिवसांनी भर सकाळी दार वाजलं. 'विहिरीचं घर' उभं होतं. उरण रस्त्यावरच्या गावातली बाई, मुलीचं लग्न गेल्या उन्हाळ्यात झालेलं. गल्ली जागी असताना माझ्याकडे कुणीच येत नसे.

"बाय, तू आमचा रुखवत कंपुटरवर टाकलास?"

"नाव नाही घातलं हो कुणाचं. बसा ना, चहा टाकते."

"चाय नको. बैलाला नाव लागतंय का? माझ्या पोरीची नणंद खारघरला कॉलेजात हाय. तिनी बघला. घरात सगल्यांना दाखवला. आता सासू रोज इचारते, सूनबाय, तुझी बैलगाडी आनखी किती लग्नांना गेली? पोर फोनवर रडते."

मी तरी चहाचं पातेलं हातात घेतलं.

"आमी कोनाला सांगितला नाय, तू आमच्यासाठी सुपाऱ्या बांधतेस ते. तू पन सांगायचं नाय, असा होता ना?"

"होतं," मी म्हटलं.

"मंग," ती म्हणाली, आणि चपला घालून गेली. भांडली असती तर बरं झालं असतं. भांडायला माणूस थांबतं तरी.

अमेरिकेत तेव्हा रात्र, मुलगा फोन उचलेना. मी तशीच वर गेले आणि भाऊजींना सगळं सांगितलं. वेबसाइटमधलं त्यांना काहीच कळत नव्हतं. त्यांनी शांतपणे विचारलं, "पान फाडता येत नाही का?"

"त्याला कागद नाही हो भाऊजी."

"मग वायर काढून ठेवा."

वायर काढली, पण पान काय माझ्या वायरीवर थोडंच होतं. दुसऱ्या दिवशी मुलाने ते काढून टाकलं, तोवर तळाचा आकडा भराभर वाढल्याचं त्यानेच सांगितलं. त्या एका दिवशी मात्र तो मी वाढवलेला नव्हता.

मी विहिरीच्या घरी जाऊन आले. मुलीची आई अंगणात होती, तिने पाणी दिलं आणि माफही केलं असावं. पण धंद्याला ते पुरत नाही. माझ्याकडून रुखवत नेणं म्हणजे उघडं पडणं, एवढं बायकांना समजलं. त्या मोसमात दोघीजणी आल्या, पुढच्यात एक. चौथा दिवस असा उरलाच नाही.

त्याच सुमारास भाऊजींचे गुडघे गेले. आमच्या इमारतीला लिफ्ट नाही. त्यांचा मुलगा आणि सून त्यांना खारघरला घेऊन गेले, चौदाव्या मजल्यावर. जायच्या दिवशी मी बैलगाडी चपलांच्या खोक्यात कापूस घालून त्यांना दिली. आता ती कुठल्याच लग्नात जाणार नव्हती.

"वहिनी, ही भाड्याने की कायमची?"

"भाड्याने. चौथ्या दिवशी परत."

ते हसले, आणि काखेतली फाइल माझ्या हातात दिली. "तुमच्यासाठी काढून ठेवलं होतं. आता बघा, उपयोग झाला तर."

ते गेल्यावर उघडली. रेघांच्या कागदांवर, बँकेतल्या त्या सुबक अक्षरात, हिशोबाचं सॉफ्टवेअर कसं चालवायचं ते पायरीपायरीने लिहिलं होतं. कुठलं बटण, मग कुठलं. शेवटच्या पानावर खाती होती. पिवळं गेट. मोठं कुंकू. दोघी जावा. विहिरीचं घर. माझी वही त्यांनी कधी बघितली कोण जाणे, पण एकही खरं नाव घातलेलं नव्हतं. वर तारीख होती, ती त्या दिवाळीनंतरच्या आठवड्याची. मी वेबसाइटच करते म्हणून त्यांना सांगितलं, त्याच्या आदल्या दिवसाची.

मी सॉफ्टवेअर घेतलं. गिऱ्हाईक नव्हतं, तरी घेतलं. कपाटातली प्रत्येक वस्तू त्यात भरली. पहिली नोंद बैलगाडीची: बाहेर, परत येणे बाकी. कुणाकडे, या रकान्यात लिहिलं: वरचा मजला.

पहिल्या मंगळवारी खरंच काहीतरी चुकलं. पाच वाजता फोन लावला. "भाऊजी, हे मशीन म्हणतं माझ्याकडे दोन तुळशीवृंदावनं आहेत. आहे एकच."

"भरताना दोनदा आत घेतलं असेल. त्या दिवसाच्या नोंदी बघा."

सापडलं. शुक्रवारी सगळं बरोबर होतं. फोन करायला काही कारणच नव्हतं. मी थोडा वेळ बसले, मग दोन वऱ्हाडी हाताने जास्त भरले आणि फोन लावला.

असं किती वर्षं चाललं सांगत नाही, लाज वाटते. मी सोमवारी चूक करायचे, मंगळवारी फोनवर नोंदी वाचून दाखवायचे, आणि ते ती शोधायचे. फोनवर त्यांच्या मागे चौदाव्या मजल्याचा वारा ऐकू यायचा. एकदा त्यांनी चूक शोधली आणि ते म्हणाले, "वहिनी, पुढच्या वेळी थोडी अवघड टाका. ही दोन मिनिटांत सापडली."

मी म्हटलं, "बघते." त्या आठवड्यात मी तीन दिवस खपून अशी चूक रचली, की त्यांना सापडायला दोन शुक्रवार लागले. बँकेत असतो तर दोघंही उपाशी राहिलो असतो.

मग एका मंगळवारी फोन सुनेने उचलला. आवाजावरूनच कळलं.

महिन्याभराने ती स्वतः आली. जिना चढून दमली होती. हातात तेच चपलांचं खोकं. "बाबा म्हणाले होते, ही तळ्यामागच्या वहिनींना परत द्यायची आहे. भाड्याची आहे म्हणाले. किती दिवसांचं भाडं झालं, काकू?"

"चौथाच दिवस आहे," मी म्हटलं आणि तिला बसवलं. चहा टाकला. मग दुसरा.

गाडी आता टीव्हीवर असते. नात सुट्टीत येते, तेव्हा बैलाला दुसरं शिंग लावू म्हणते. मी लावू देत नाही. कॉम्प्युटर जुना झालाय, चालू व्हायला दहा मिनिटं घेतो. तरी मंगळवारी पाचला चालू करते. सगळा माल जुळतो, एका वस्तूचा फरक सोडून. गाडी माझ्यासमोर टीव्हीवर आहे, आणि स्क्रीनवर ती अजून बाहेर आहे, वरच्या मजल्यावर, परत येणे बाकी. दुरुस्तीचं बटण कुठलं ते त्यांच्या कागदावर सातव्या पानावर आहे. मला पाठ आहे ते.